चारही बाजूंनी काळोख

२००५ साली यूट्यूब सुरू झालं, तेव्हा त्याची चौकट जुन्या टीव्हीसारखी ४:३ होती. त्याच वर्षी एक्सबॉक्स ३६० आला आणि घरातले गेम १६:९ मध्ये पसरू लागले. ते व्हिडिओत बसवायचे कसे? एक तर चित्र बाजूंनी दाबायचं, म्हणजे गाड्यांची चाकं अंडाकृती. नाहीतर वर-खाली काळ्या पट्ट्या. अनेकांनी एडिटिंग करतानाच या पट्ट्या व्हिडिओचा भाग करून टाकल्या.

नोव्हेंबर २००८मध्ये यूट्यूबने प्लेयरच १६:९ केला. आता त्या ४:३ व्हिडिओंना डावी-उजवीकडेही पट्ट्या आल्या, वर-खालच्या होत्याच. हिशेब करा : उंची पाऊणपट, रुंदीही पाऊणपट. खेळ उरला पडद्याच्या ५६.२५ टक्के. पुढे पट्ट्या छाटणारा टॅग मिळाला, पण चित्र ताणल्याने हरवलेले पिक्सेल थोडेच परत येतात?

आज फोन उभा आहे. ९:१६ मध्ये पूर्ण १६:९ गेमप्ले ठेवला, तर तो पडद्याचा तिसरा हिस्साही व्यापत नाही. शॉर्टसाठी वेगळी प्रत जरूर कापा. पण मूळ व्हिडिओ मूळ आकारातच, पट्ट्यांशिवाय एक्सपोर्ट करा. पट्ट्या लावणं प्लेयरचं काम. चौकटी बदलत राहतात, आणि व्हिडिओत मुरलेला काळोख मात्र तसाच राहतो.