अंदाजपंचे, वजा पाव

पाचोडहून ताईने मोसंबीची पेटी पाठवली, की मला भाच्याचे २४ प्रश्न आठवतात.

२०२२ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा. पठ्ठ्याने सामान्य अध्ययनाच्या १०० पैकी २४ प्रश्न कोरे सोडले आणि कट-ऑफ साडेतीन गुणांनी हुकला. "अरे, कोरे का सोडलेस?" तर म्हणे, "मामा, क्लासचे सर म्हणायचे, पक्कं येत असंल तरच गोल काळा कर."

आता हा सल्ला आला कुठून? यूपीएससीने २००७ साली पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापायला सुरुवात केली. हा आकडा हवेतून आलेला नाही. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर चारात एक बरोबर, तीन चूक. तीन तृतीयांश म्हणजे एक गेला, हाती शून्य. पर्यायांतून एक वजा करायचा आणि तेवढ्याने गुण भागायचा, हे सूत्र अमेरिकेत जुनं. तिथल्या एसएटीला पाच पर्याय होते, म्हणून पाव गुण कापायचे. (२०१६ मध्ये त्यांनी ही भानगडच काढून टाकली.)

गंमत पुढे आहे. एमपीएससीही आधी तृतीयांश कापायची, २०२० मध्ये पाव केला. पर्याय मात्र चारच! म्हणजे दंड पाच पर्यायांचा आणि प्रश्न चार पर्यायांचे. दोन गुणांच्या प्रश्नाला आंधळा ठोकासुद्धा सरासरी ०.१२५ गुण देतो. फार नाही. पण एक पर्याय नक्की चूक आहे एवढं कळलं, तर तोच आकडा ०.३३ होतो. भाच्याला १० प्रश्नांत एक पर्याय खोडता येत होता. ते १० आणि उरलेले १४ मिळून सरासरी पाचेक गुण.

सरासरी हं! एकाच पेपरात नशीब फिरलं तर तीन-चार गुण कमीही झाले असते, हे त्याला मी स्पष्ट सांगितलं. पण ठोक्याने बाग घेणारा व्यापारी तरी काय करतो? झाडं मोजतो, फळ बघतो, आणि अंदाजाने भाव बोलतो. न बोलणाऱ्याला बाग मिळत नाही.

भाच्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मामा, हे पेपरच्या आधी का नाही सांगितलं?"

तेव्हा मी पुण्यात रिलीजच्या गडबडीत होतो.