बुलढाणा जिल्ह्यातील ग्रामवस्ती व दळणवळण

महाराष्ट्र राज्याच्या विदर्भ विभागातील या जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ (२०११) व क्षेत्रफळ ९,६६१ चौ. किमी. असून सु. ७९ टक्के लोक खेड्यांत राहतात. उत्तरेकडील पूर्णा नदीचे सपाट खोरे व दक्षिणेकडील पठार असे याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. स्थानिक लोक त्यांना ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ असे म्हणतात. जिल्ह्याच्या दळणवळणाचा इतिहास बव्हंशी या दोन शब्दांत सामावलेला आहे.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यापूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. त्यास काही महिने लागत आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीतील वाटा बंदच होत. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना वऱ्हाडी कापसाची निकड भासली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पूर्णेच्या खोऱ्यातून गेला. कापसाची मोठी पेठ असलेले खामगाव मात्र त्याच्या दक्षिणेस राहिले. म्हणून जलंब ते खामगाव असा सु. १३ किमी. लांबीचा फाटा सरकारी खर्चाने बांधण्यात आला. गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो याने १८७० मध्ये त्याचे उद्‌घाटन केले. खामगावात सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले. जलंब हे जंक्शन झाले, तरी त्याला शहराचे रूप आले नाही. गाड्या बदलण्याचे ठिकाण आणि व्यापाराचे ठिकाण यांत भेद असतो.

हा लोहमार्ग माल नेण्यासाठी आखलेला होता, माणसांच्या सोयीचा विचार त्यात दुय्यम होता. १८९९–१९०० च्या दुष्काळात ही गोष्ट प्रकर्षाने दिसून आली. रेल्वेने धान्य जिल्ह्यात येऊ शकत होते, पण ते विकत घेण्याची ऐपत मजुरांपाशी नव्हती आणि घाटावरील गावे स्थानकांपासून दूर होती. १८९१–१९०१ या दशकात तत्कालीन जिल्ह्याची लोकसंख्या सु. १२ टक्क्यांनी घटून ४,२३,६१६ झाली. (खामगाव व जळगाव हे तालुके त्यास १९०५ मध्ये जोडण्यात आले.)

रेल्वे असेल तेथेच वस्ती वाढते, असा समज आहे. तो येथे पुरता खरा ठरत नाही. खामगावची लोकसंख्या १९०१ मध्ये १८,३४१ होती, ती २०११ मध्ये ९४,१९१ झाली, म्हणजे सु. पाचपट. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बुलढाण्यात लोहमार्ग नाही. मलकापूरहून राजूर घाट चढून तेथे जावे लागते. तरीही तेथील लोकसंख्या त्याच काळात ४,१३७ वरून ६७,४३१ पर्यंत, म्हणजे सोळापट झाली. कचेऱ्या, न्यायालये, शाळा व मोटाररस्ते यांचा हा परिणाम होय.

खेड्यांना मात्र खरा आधार मिळाला तो एस.टी. गाड्यांचा. रात्री गावात थांबून पहाटे तालुक्याला निघणारी मुक्कामी गाडी हेच अनेक गावांचे घड्याळ होते. शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुली, बाजारकरी व रुग्ण तिच्यावर विसंबून असत. २०२१-२२ मधील कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपात हे अवलंबित्व उघड झाले. जनगणनेच्या ग्रामसूचीत बस व रेल्वे यांची गावापासूनची अंतरे नोंदविलेली असतात. वाटेतला नाला पावसाळ्यात किती दिवस अडवितो, ही नोंद तीत नसते.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तो मेहकर व सिंदखेड राजा या तालुक्यांतून, म्हणजे घाटावरून जातो. त्यावर प्रवेश ठराविक ठिकाणीच असल्याने लगतच्या गावांना तो दिसतो, पण जवळचा नसतो. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली आहे. तो झाल्यास चिखली, देऊळगाव राजा हा घाटावरील प्रदेश प्रथमच रेल्वेच्या टप्प्यात येईल.