मदत आणि लाहा

ग्रामीण साहित्याच्या तासाला ‘इर्जिक’ हा शब्द आला की थांबावे लागते. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा वर्गातील बऱ्याच मुलांनी आपल्या शेतात इर्जिक पाहिलेली होती. आता ट्रॅक्टरच्या भाड्याचा दर सर्वांना ठाऊक असतो. इर्जिक तळटीपेत गेलेली असते. एका वर्षी मी सवयीने फळ्यावर अर्थ लिहिला : ‘शेतीच्या कामात गावकऱ्यांनी एकमेकांना केलेली मदत’. तोरणमाळकडच्या एका पाड्यातून आलेला विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, ही मदत नाही. मदत सरकारची असते. आमच्याकडे याला लाहा म्हणतात.” मी ‘मदत’ शब्द पुसला, पण त्या जागी काय लिहावे हे त्या तासाला सुचले नाही. प्रस्तुत लेख हा त्या रिकाम्या राहिलेल्या जागेविषयी आहे.

तोरणमाळ म्हटले की बहुतेकांना थंड हवेचे ठिकाण, यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीला गोरखनाथांच्या यात्रेसाठी महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातून चढून येणारी माणसे आठवतात. सातपुड्यातील हे पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात आहे. पर्यटकाच्या नजरेतून सहसा सुटते ते येथील वस्तीचे रूप. सपाटीवरच्या गावासारखी भिंतीला भिंत लागून घरे येथे नाहीत. भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरे आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर असतात. एका पाड्यात दहा घरे असली तरी पहिल्यापासून दहाव्यापर्यंत जायला दरी उतरून पुन्हा चढावे लागते. शेजार हा शब्द येथे अंतराने ठरत नाही. हाक कोणाला मारायची आणि कोणाच्या हाकेला उठायचे, यावर तो ठरतो.

लाहा म्हणजे ही हाक. एखाद्या घराचे छप्पर घालायचे आहे, उतारावरच्या शेतातील तण पाऊस लागून हाताबाहेर गेले आहे, किंवा कापणी एका घराच्या हातांना उरकणारी नाही; अशा वेळी ते घर इतरांना बोलावते. येणारे आपापली अवजारे घेऊन येतात आणि दिवसभर काम करतात. मजुरी नसते. घरधनी जेवू घालतो, जमेल तसे मोहाचे पाजतो. उद्या त्यांच्यापैकी कोणी बोलावले की याने जायचे असते. नर्मदेच्या दोन्ही तीरांवर ही रीत परिचित आहे. पलीकडच्या मध्य प्रदेशातील अलिराजपूर भागात तिला ‘लाह’ म्हणतात, आणि अमिता बाविस्कर यांनी ‘इन द बेली ऑफ द रिव्हर’ (१९९५) या ग्रंथात तेथील भिलालांच्या जीवनक्रमात तिची दखल घेतली आहे. तेथे पुढे संघटनांनी याच रीतीचा आधार घेऊन माती अडवण्याची, पाणी जिरवण्याची कामे केली.

आपल्याकडची सावड, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातील पडकई, फिनलंडमधील तालकूत, अँडीज पर्वतातील मिंगा ही सारी एका कुळातील नावे आहेत. १९०२ साली क्रोपोटकिनने ‘म्युच्युअल एड’ लिहिले तेव्हा सैबेरियात पाहिलेल्या प्राणिजीवनापासून त्याने आरंभ केला आणि तो गावसंस्थांपर्यंत आला. परंतु या साम्यांत फार रमू नये. साम्य दाखवले की अभ्यास झाला, असा एक समज आपल्या विद्यापीठीय लेखनात रूढ आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे.

लाहाचे वेगळेपण हिशेबात आहे. कोण किती तास राबला याची नोंद नसते, आणि तरीही उधारी असते. दिलेला दिवस परत मिळायचा असतो, पण तो केव्हा आणि कोणत्या कामात हे ठरलेले नसते. सावकाराच्या वहीत कर्ज फिटले की संबंध संपतो. येथे ते पुरते कधीच फिटू द्यायचे नसते, कारण ते फिटले तर पुढच्या वर्षी हाक कोणाला मारणार? माझा विद्यार्थी ‘मदत’ या शब्दाला अडला तो येथेच. मदतीत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. घेणाऱ्याने कृतज्ञ राहायचे असते. लाहात आजचा घेणारा उद्याचा देणारा असल्याने कृतज्ञतेला जागाच नसते.

हे चित्र निर्मळ आहे असे मात्र समजू नये. पुरुष छप्पर घालतात तेव्हा त्या सर्वांच्या भाकरी बायका थापतात आणि शेतातल्या लाहाला त्याच बायका पुन्हा कामालाही असतात. त्यांचा दिवस दुहेरी खर्ची पडतो. ज्या घरात धडधाकट हात नाहीत, त्याला हाक मारण्याचा धीर होत नाही. ज्या पाड्यावर माणसे एकमेकांच्या घरावर छप्पर घालतात त्याच पाड्यावर एखाद्या बाईला डाकीण ठरवून वाळीत टाकल्याच्या घटना या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. घट्ट विणीचा समाज आधार देतो तसा गळाही आवळतो.

इतिहासाच्या साधनांत लाहा शोधू गेल्यास निराशा पदरी येते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, आणि त्यानंतरच्या कागदपत्रांत सातपुड्यातील माणूस मुख्यतः तीन रूपांत दिसतो : लुटारू, शिपाई आणि ऋणको. १८८० च्या खानदेश गॅझेटियरचा खंड जाडजूड आहे. पण महसूल ज्यावर बसतो, खटला ज्यावर चालतो तेवढेच दफ्तरात येते. ज्या व्यवहारात पैसा फिरत नाही आणि ज्याचा तंटा कचेरीत जात नाही, त्याची नोंद कारकुनाने का करावी?

विसाव्या शतकात मात्र या डोंगरपायथ्याशी असे एक आंदोलन झाले की ज्यात माणसामाणसातील नात्याचा प्रश्न उघडपणे पुढे आला. तळोदे तालुक्यातील मोरवड, म्हणजे आजचे रंजनपूर, येथे गुलाम महाराजांनी आरतीच्या निमित्ताने हजारो आदिवासींना एकत्र आणले. दारू सोडा, स्वच्छ राहा, हा उपदेश त्या काळच्या इतर सुधारणा-पंथांतही आढळतो. मराठीच्या अध्यापकाने थांबावे असे स्थळ वेगळेच आहे. या पंथात एकमेकांना ‘आप’ म्हणायचे होते. लहानाने मोठ्याला, मोठ्याने लहानाला, पुरुषाने बाईला. सर्वांनी सर्वांना ‘आप’. सावकार, फौजदार आणि पाटील ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘अरे-तुरे’ करीत आले त्यांनी आपापसांत आदरार्थी सर्वनाम वापरायचे ठरवले. आपण वर्गात तू, तुम्ही, आपण यांचा तक्ता करून शिकवतो. त्या तक्त्यातील एका घरावर चळवळ उभी राहिल्याचे हे उदाहरण व्याकरणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचलेले नाही. गुलाम महाराज १९३८ मध्ये वारले, पंथ टिकला. लाहात जी बरोबरी श्रमात होती तिला या पंथाने संबोधनाचे रूप दिले, असे मला वाटते.

पुढचा टप्पा परिचित आहे. शहादे-तळोद्याच्या सपाटीवर आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या आणि त्याच जमिनींवर ते सालदार म्हणून राबत होते. लोक ज्यांना महाराज म्हणत त्या अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेच्या द्वारे हा असंतोष संघटित झाला. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. याच चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ‘स्टेज’ ही कविता आपण शिकवतो ती बहुधा आदिवासी अस्मितेचा आविष्कार म्हणून. मला ती अलीकडे मदतीविषयीची कविता वाटू लागली आहे. दुसऱ्याचे दुःख त्यालाच समजावून सांगणारा मदतकर्ता आणि खाली बसून ते ऐकणारा दुःखाचा धनी यांच्यातील उंचीचा फरक हा तिचा विषय आहे. फळ्यावरचा माझा शब्द त्या विद्यार्थ्याने नाकारला तेव्हा स्टेजवर मीच होतो.

बाहेरून आलेला माणूस लाहात सामील होऊ शकतो का? याचे एक उत्तर अक्राणी तालुक्यातच आहे. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्राशी झगडणाऱ्या बिलगाव येथे उदई नदीच्या परिसरातील पाण्यावर एक छोटे वीजकेंद्र उभे राहिले. केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तरुण अभियंत्यांनी आराखडा केला, बांध, पाट आणि खोदाई गावकऱ्यांच्या श्रमदानातून झाली. २००३ च्या जानेवारीत सुमारे १५ किलोवॅटचे ते केंद्र सुरू झाले आणि ज्या घरांत विजेची तार कधी आली नव्हती तेथे दिवे लागले. ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटातील वीजनिर्मितीच्या प्रसंगाशी बिलगावचे नाव नेहमी जोडले जाते. चित्रपटात एक शास्त्रज्ञ परदेशातून येतो आणि गावाला प्रकाश देतो. बिलगावात मात्र अभियंते आणि गावकरी एकाच चरात उभे होते. फरक मोठा आहे, पण तो पडद्यावर मावणारा नव्हता. २००६ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढले आणि केंद्र बुडाले.

त्यानंतर चार वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, शहादे तालुक्यातील टेंभली येथे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिली आधार ओळखपत्रे दिली गेली. तोरणमाळला चढणारी माणसे ज्या शहाद्यावरून जातात, त्याच्याच परिसरातून या देशाने माणसाला क्रमांकाने ओळखण्यास आरंभ केला, हा योगायोग अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. लाहात माणूस ओळखला जातो तो अमक्या पाड्यावरचा, अमक्याच्या हाकेला आलेला म्हणून. या नव्या व्यवस्थेत तो बोटाच्या ठशाने ओळखला जातो, आणि एकटा. क्रमांकाला मी दोष देत नाही. रेशनच्या दुकानात दुसऱ्याच्या नावाने धान्य उचलले जाण्याला त्याने आळा बसत असेल तर तो हवाच. मात्र कोळसणाऱ्या उन्हात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना यंत्राने न ओळखण्याचा प्रसंग देशभर आला, आणि डोंगरात तर यंत्राला जोडणारे जाळेच अनेकदा नसते.

२०२० च्या टाळेबंदीत हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसले. शाळा ऑनलाइन झाल्या, आणि सातपुड्यातील मुले मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर, प्रसंगी झाडावर चढून बसू लागली. त्याच महिन्यांत नर्मदाकाठच्या चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने होडी घेतली आणि स्वतः वल्हवत दूरच्या पाड्यांवरील बालकांपर्यंत व गरोदर स्त्रियांपर्यंत आहार पोचवला. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, ‘पोषण ट्रॅकर’ हे अॅप आले. त्याची भाषा आरंभी इंग्रजी होती. दिलेले मोबाईल निकृष्ट आहेत असे म्हणत महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी ते परत केले. वल्हे मारणारी बाई तंत्रज्ञानाला भिणारी नव्हे. तिचे काम तिच्या भाषेत लिहिता येत नव्हते, एवढाच मुद्दा होता. दफ्तराचा जुना स्वभाव पडद्यावरही कायम राहिला, असे म्हणण्यास हरकत नसावी.

परंतु येथेच थांबलो तर लेख एकांगी होईल. माझ्या त्या विद्यार्थ्याने एकदा मला आपला मोबाईल ऐकवला. दाखवला म्हणणे चूक ठरेल, कारण त्यात वाचण्यासारखे काही नव्हते. पाड्यावरची बरीच माणसे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांच्या व्हॉट्सअॅप गटात सारे संदेश आवाजी होते. पावरी आणि भिली लिहिण्याची रोजच्या व्यवहारात फारशी प्रथा नाही, आणि मराठी लिहिण्याचा सराव अनेकांना नाही. म्हणून ते बोलतात आणि आवाज पाठवतात. छपाईने ज्यांना दोन शतके बाहेर ठेवले त्यांना फोनने लिहिण्याची अट न घालता आत घेतले. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवर आवाजी बातम्यांचा प्रयोग केला, त्यामागेही हेच तत्त्व होते. विद्यार्थ्याने ऐकवलेल्या निरोपात त्याचा चुलता सांगत होता की वादळाने घरावरची कौले गेली आहेत, परतीच्या वाटेवर असणाऱ्यांनी अमक्या दिवशी यावे. मागे कोंबडा आरवत होता. खाली एकामागून एक उत्तरे होती, दोन-दोन शब्दांची. एकाने ऊसाच्या फडातून कळवले की तो येऊ शकत नाही, धाकट्या भावाला पाठवतो.

त्या मुलाने पुढे एम. ए.साठी आपल्या पाड्यावरील शब्दांचा छोटा प्रबंधही केला. ‘लाहा’च्या नोंदीसमोर मी पेन्सिलीने ‘संदर्भ?’ असे लिहून तो परत दिला. सुधारून आलेल्या प्रतीत त्याने लिहिले होते : ‘आई. तण काढताना.’ विहित नमुन्यात ग्रंथकाराचे आडनाव, प्रकाशक आणि वर्ष यांचे रकाने होते. बराच वेळ विचार करून आम्ही ती नोंद ‘इतर’ या मथळ्याखाली घातली. व्याख्येच्या जागी ‘मदत’ हा शब्द त्याने कोठेही वापरला नव्हता. ‘बोलावणे आल्यावर जाणे’ एवढेच लिहिले होते.