पाण्याला सातबारा नाही

मित्रांनो, आपल्या चळवळीचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हापासून पाणी म्हटलं की आपल्याला ओंजळ आठवते. पण पाण्यात मासे असतात, माशांवर जगणारी माणसं असतात, अन् त्या माणसांच्या जाळ्यावर डोळा ठेवून काठावर बसलेला मालक पण असतो. ह्या मालकाचा इतिहास कुणी शाळेत शिकवला नाही. मी तर सातवीलाच शाळा सोडली. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो. जे लिहितोय ते पाळी सुटल्यावर वाचून, म्हाताऱ्यांना विचारून अन् नदीकाठ तुडवून जमवलेलं आहे.

आपला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 चा. त्याआधी परभणी, त्याच्याही आधी निजाम. नद्या मात्र जुन्याच : कयाधू, पूर्णा, पैनगंगा. काठावरच्या देवळांवर अन् संतांवर पोथ्याच्या पोथ्या निघाल्या. त्याच पाण्यात कंबरेएवढा उभा राहून जाळं फेकणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं पान सुद्धा आलं नाही.

ह्या नद्या कोकणच्या खाडीसारख्या नव्हत्या. खाडीला बारमाही पाणी. तिथल्या माणसानं एकाच खोडाची होडी कोरली, ती कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी बांधली. आपली नदी पावसाळ्यात नदी, उन्हाळ्यात नुसती डोहांची माळ. तिच्यावर होडी पाळायची म्हंजे गरिबानं दारात हत्ती बांधायचा. म्हणून अशा नद्यांवर वाळल्या भोपळ्यांची सांगड झाली, पूर ओलांडायला गुळाची काहील पाण्यात सोडली गेली. फेकजाळं, गळ, बांबूच्या कामट्यांची टोपली, एवढा संसार. डोहात मरळ, वाम, शिंगाळा, झिंगे.

हे काम भोयाचं. भोई म्हंजे एका खांद्यावर दुसऱ्याची पालखी अन् दुसऱ्यावर स्वतःचं जाळं. पालख्या गेल्या, जाळं राहिलं. आज सरकारदरबारी तो भटक्या जमातीत मोडतो.

आणि आपण? आपला पाणवठा खालच्या अंगाला. वरच्या अंगाला पाटलाची बैलं धुतली जात, ते पाणी वाहून आपल्याकडं येई. आपल्या आयाबायांनी लुगड्याच्या पदरानं मासळी गाळली, पोरांनी आटत्या डबक्यात हातानं चाचपून धरली. भोयाच्या हातचं पाणी वाड्यात चालत होतं, आपली सावली चालत नव्हती. हे झाकायचं कारण नाही. निजामाच्याच मुलखात, दौलताबादला, 1934 मध्ये बाबासाहेब अन् त्यांचे सोबती किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतात तर केवढा गहजब होतो! विलायतेत शिकलेल्या माणसाची ही गत, तर कयाधूच्या डोहात उतरणाऱ्या पोराची काय असेल?

माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. जुनं जाळं सुताचं नाही तर सणाचं असे. पाण्यात ते कुजतं. म्हणून ते बाभळीसारख्या झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवायचे. सूत काढणं, विणणं, मुरवणं, फाटलं की सांधणं, सगळं घरात. बायकांचे हात त्यात आटले. पुढं नायलॉन आलं. कुजत नाही, हलकं आहे, पण विकतच घ्यावं लागतं. म्हंजे जाळ्याचा धागा घरातून दुकानात गेला अन् मासेमार पहिल्यांदा उधारीच्या वहीत गेला. सूत आम्ही काढतो, कापड दुसऱ्याचं. तसंच हे.

मग धरणं आली. पूर्णेवर येलदरी अन् तिच्या खाली सिद्धेश्वर, दोन्ही 1968 च्या सुमाराला पुरी झाली. पैनगंगेवर इसापूर 1982 मध्ये. एकट्या येलदरीत 934 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. गावं उठली, शिवारं बुडाली, डोह बुडाले. जिथं होडी परवडत नव्हती तिथं होडीशिवाय मासा गाठणं मुश्कील झालं. ज्याच्याकडं पैसा त्यानं होडी घेतली. ज्याच्याकडं नाही तो थर्माकोलच्या तुकड्यावर नाही तर ट्रकच्या ट्यूबवर बसून हातानं पाणी मारत खोलात जातो. भोपळ्याची सांगड गेली अन् थर्माकोल आलं. बुडायची भीती तीच राहिली.

मासाही बदलला. 10 जुलै 1957 ला ओरिसात हिरालाल चौधरींनी माशाला टोचून अंडी घालायला लावली. तेव्हापासून रोहू, कटला, मृगळाचं बीज पाहिजे तेवढं काढता येऊ लागलं. धरणात बोटुकली सोडायची, वाढली की काढायची. शास्त्र म्हणून ही मोठीच गोष्ट. पण नदीचा मासा कुणाचाच नव्हता, सोडलेला मासा ज्यानं सोडला त्याचा झाला. धरण पाटबंधाऱ्याचं, परवानगी मत्स्यखात्याची, ठेका संस्थेचा. संस्था कागदावर मासेमारांची असते. पण भांडवल घालणारा मागं दुसराच असला तर जाळं फेकणारा आपल्याच नदीवर किलोच्या हिशेबानं मजूर होतो. 2025 मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलं झालं. पण शेतकऱ्याकडं सातबारा असतो, पाण्याला सातबारा नाही. मग सवलत कुणाच्या नावावर उतरणार?

काही मित्र विचारतील, भोयाच्या प्रश्नाशी आपलं काय देणंघेणं? 1978 ला नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपली घरं जळाली तेव्हा कोण धावून आलं होतं? प्रश्न खरा आहे. पण बाबासाहेबांचं पाण्याचं राजकारण ओंजळीवर थांबलं नव्हतं. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1945 मध्ये कटकला त्यांनी सांगितलं की जास्तीचं पाणी ही आपत्ती समजू नका, माणूस पाण्याच्या टंचाईनं जास्त सोसतो. नदी अडवा, तिचा शेतीला, विजेला, नौकांना उपयोग करा. संविधानाच्या अनुच्छेद 15 नं विहीर, तलाव, घाट सगळ्यांना मोकळे केले. ती महाडची ओंजळ. अनुच्छेद 39(ख) म्हणतो, समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी अन् नियंत्रण सगळ्यांच्या हिताचं होईल असं वाटलं जावं. त्यात जाळं येतं. पहिली लढाई आपण लढलो, दुसरीत आपण काठावर उभे आहोत. दादासाहेब गायकवाडांनी 1959 अन् 1964 ला भूमिहीनांसाठी जमिनीचा सत्याग्रह केला, तेव्हा पडीक जमीन कसणाऱ्याची हा हिशेब मांडला. धरणाचं पाणी हे पाण्याचं गायरानच आहे. तिथं तो हिशेब कोण मांडणार?

तेव्हा घोषणा थोड्या वेळ बाजूला ठेवा अन् धरणाच्या गावात जा. ठेका कुणाच्या नावावर आहे ते बघा. संस्थेच्या यादीतले किती हात खरंच जाळं फेकतात ते मोजा. ज्यांची घरं बुडाली त्यातला एक तरी यादीत आहे का, आपल्या वस्तीतला भूमिहीन आहे का, ते लिहून घ्या. काठावर किलोला काय मिळतं अन् बाजारात काय, दोन्ही आकडे शेजारी मांडा. थर्माकोलवर बसणाऱ्याच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे का, विचारा. हे सगळं वहीत उतरलं की मग ग्रामसभेत उभं राहा, अन् भोयाच्या पोराला शेजारी उभं करा.

जयभीम.