तांबड्यापलीकडचा उजेड

१८०० साली विल्यम हर्शेलने तांबड्या पट्ट्यापलीकडे, जिथे डोळ्यांना काळोखच, तिथे तापमापक ठेविला आणि पारा चढला. दिसत नाही ते नाहीच, ही आपली समजूत तिथे मोडली.

१८३९ मध्ये गुस्टाफ रोझने उरलच्या एका खनिजाला पेरोव्स्की या रशियन सरदाराचे नाव दिले. त्याच घडणीच्या शिशाच्या स्फटिकांतून उजेडात वीज अधिक वाहते, हे १९५८ साली डेन्मार्कच्या म्योलरने दाखविले. पण तांबड्यापलीकडे ते बहुधा आंधळेच! १९९४ मध्ये मित्झी व सहकाऱ्यांनी कथिलाचे थर सेंद्रिय रेणूंमध्ये, चिरोट्याच्या पापुद्र्यांप्रमाणे, बसविले. कथिलाला कमी शक्तीचा उजेडही पुरतो. हवेत मात्र ते लवकर बिघडते. पापुद्रे त्याला राखतात. पण कथिलाचा थर फार पातळ केला, की नजर पुन्हा आखूड होते.