जखमांवरील हितकारक जीवाणू उपचार

जखमांवरील हितकारक जीवाणू उपचार ही जखमेतील रोगकारक जीवाणूंची वाढ रोखण्यासाठी निरुपद्रवी जीवाणू किंवा त्यांनी तयार केलेले पदार्थ वापरण्याची पद्धती आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या, दीर्घकाळ चिघळणाऱ्या जखमा हे तिचे मुख्य क्षेत्र मानले जाते. जिवंत जीवाणूंचा असा वापर अद्याप प्रायोगिक आहे. नियमित उपचारांत त्याचा समावेश होत नाही.

पार्श्वभूमी

चिघळलेल्या जखमांत मेथिसिलिन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोझा हे जीवाणू वारंवार आढळतात. ते स्वतःभोवती चिकट आवरण (जैवपटल) तयार करतात. त्यात औषध पुरेसे शिरत नाही, आणि आतील मंदगतीने वाढणाऱ्या पेशींवर त्याचा परिणामही कमी होतो. मधुमेहींच्या पायाच्या जखमांत रक्तपुरवठा मुळातच अपुरा असल्याने अडचण आणखी वाढते.

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात हा प्रश्न मजुरीच्या स्वरूपाशीही निगडित आहे. येथून मोठ्या संख्येने कुटुंबे दरवर्षी गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडणीसाठी जातात. तोडणी करणाऱ्या जोडप्यालाच 'कोयता' म्हटले जाते. हाता-पायाला कोयता लागणे हा या कामातला नेहमीचा धोका. मजुरी टनावर मिळते आणि खाडा झाल्यास नुकसान सोसावे लागते. त्यामुळे जखम घेऊनच फडात उतरण्याकडे कल असतो. मुक्काम कोपीत असल्याने स्वच्छ पाणी आणि रोजचे ड्रेसिंग मिळणे कठीण असते. अशा वेळी दुकानातून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या घेऊन वेळ निभावली जाते. अपुऱ्या व अनावश्यक औषधांमुळे प्रतिरोधी जीवाणूंना वाव मिळतो. मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मधील प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. मात्र हंगामातले महिने मजूर तेथून दूर असतात.

कार्यपद्धती

हितकारक जीवाणू रोगजंतूंशी जागा आणि अन्न यांसाठी स्पर्धा करतात. लॅक्टोबॅसिलस गटातील जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून परिसर आम्लधर्मी करतात. त्यात अनेक रोगजंतूंची वाढ मंदावते. काही जीवाणू बॅक्टेरिओसिन नावाची प्रथिने स्रवतात, जी बहुधा जवळच्या नात्यातील जीवाणूंनाच मारतात. काही जीवाणू रोगजंतूंच्या परस्परसंदेशात अडथळा आणतात, त्यामुळे जैवपटल नीट बांधले जात नाही.

इतिहास

एक जीवाणू दुसऱ्याला रोखतो, हे लुई पाश्चर आणि जूल झुबेर यांनी १८७७ मध्ये अँथ्रॅक्सच्या जंतूंवरील प्रयोगांत नोंदवले होते. जखमेच्या संदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण न्यू यॉर्कमधील आहे. १९४३ मध्ये पायाचे हाड मोडलेल्या एका मुलीच्या जखमेतून काढलेल्या ऊतींत बॅसिलस गटातील एक जीवाणू सापडला. त्याच्या सान्निध्यात स्टॅफिलोकॉकस टिकत नव्हता. बाल्बिना जॉन्सन, फ्रँक मेलेनी आणि सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये त्याच्यापासून मिळालेल्या पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली. मुलीच्या ट्रेसी या आडनावावरून त्याला 'बॅसिट्रासिन' हे नाव मिळाले. इंजेक्शनाने दिल्यास ते मूत्रपिंडांना अपायकारक ठरत असल्याने मुख्यतः मलमाच्या रूपात वापरले जाते.

महाराष्ट्रात जीवाणूंपासून औषध मिळवण्याची परंपरा पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सशी (स्थापना १९५४) जोडलेली आहे. तेथील संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या मातीतील जीवाणूपासून 'हॅमायसिन' मिळवले. ते बुरशीरोधक आहे, जीवाणूरोधक नव्हे. परंतु स्थानिक मातीतून उपयुक्त सूक्ष्मजीव वेचण्याची वाट त्यातून दिसते.

२०१६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी माणसाच्या नाकात राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिसपासून 'लुग्डुनिन' वेगळे केले. प्रयोगशाळेत ते मेथिसिलिन-प्रतिरोधी जीवाणूंवर प्रभावी ठरले.

रुग्णांवरील अभ्यास

अर्जेंटिनातील तुकुमान येथे पेराल आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचे संवर्धन लावून त्याची तुलना सिल्व्हर सल्फाडायझिनशी केली (२००९). दोन्हींचे परिणाम साधारण सारखे आढळले. पुढे पायाच्या जुनाट, संसर्गित व्रणांवरही हाच प्रयोग झाला आणि त्यात मधुमेही रुग्णही होते. दोन्ही अभ्यास लहान आहेत. त्यांच्या आधारे पद्धतीची शिफारस करता येत नाही.

धोके

१९६०च्या दशकात अमेरिकेत नवजात बालकांच्या नाकात आणि नाभीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा '५०२ ए' हा सौम्य समजला जाणारा प्रकार मुद्दाम वसवून घातक प्रकारांना दूर ठेवले जात असे. साथी आटोक्यात आल्या, पण १९७२ मध्ये याच प्रकाराच्या संसर्गाने एका अर्भकाचा मृत्यू झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. उघड्या जखमेतून जीवाणू रक्तात जाऊ शकतो. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत लॅक्टोबॅसिलसमुळेही रक्तसंसर्ग झालेला आहे. याशिवाय वापरलेल्या जीवाणूत प्रतिरोधाची जनुके असल्यास ती रोगजंतूकडे जाण्याची शक्यता असते, म्हणून निवडीपूर्वी संपूर्ण जनुकीय तपासणी आवश्यक ठरते.

घरगुती दही हा या उपचाराचा पर्याय नाही. त्यात लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू असले, तरी त्यांचे प्रकार व प्रमाण निश्चित नसते, आणि विरजणासोबत इतर जीवाणू व बुरशीही असू शकतात. जखमेवर दही, माती, हळद किंवा शेण लावल्यास संसर्ग वाढू शकतो. माती व शेणातून धनुर्वाताचे बीजाणूही जखमेत जाऊ शकतात.