३४४ मिश्र औषधांवरील बंदी : तळटीप

३४४ मिश्र औषधांवरील बंदी : दोन किंवा अधिक औषधे ठरलेल्या प्रमाणात एकाच गोळीत वा सिरपमध्ये घातली की त्याला 'एफडीसी' किंवा मिश्र औषध म्हणतात. क्षयावर अशी मिश्रणे उपकारक ठरली आहेत. गोळ्यांची संख्या घटते, उपचार मध्येच सुटत नाहीत. आक्षेप आहे तो अशास्त्रीय मिश्रणांना. त्यांत गरज नसलेले औषधही पोटात जाते, एकाच घटकाची मात्रा बदलता येत नाही आणि दुष्परिणाम नेमका कशाचा, हे कळत नाही. नव्या मिश्रणाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी लागते. तरीही अनेक मिश्रणांना राज्यांनी परस्पर उत्पादन परवाने दिले. प्रा. चंद्रकांत कोकाटे समितीच्या अहवालावरून केंद्राने १० मार्च २०१६ रोजी, १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६-अ खाली, ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेरतपासणीचा आदेश दिला आणि मुंबईच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांची त्यात भर पडली. मधल्या काळात ही औषधे रुग्णांनी विश्वासाने घेतली. म्हणून बंदीपेक्षा परवान्याआधीची काटेकोर तपासणी महत्त्वाची. औषध सुरक्षित आहे हे विक्रीपूर्वीच सिद्ध झाले पाहिजे.